केएलके७ पहिल्यांदा हाताळताना: कुपीपासून त्वचेच्या बॅरिअरपर्यंत

त्वचेच्या बॅरिअरवर (संरक्षक आवरणावर) काम सुरू केलं की नव्या माणसाच्या हाती बहुधा दोन गोष्टी येतात: रीकॉम्बिनंट मानवी केएलके७ (कॅलिक्रेन-७, त्वचेतलं प्रथिनं कापणारं एन्झाइम, म्हणजे प्रोटिएज) ची एक कुपी आणि पेपरांचा गठ्ठा. पेपर वाचून होतात, कुपी मात्र फ्रीझरमध्येच राहते, कारण ती उघडल्यावर नेमकं काय करायचं हे कुठे सलग सापडत नाही. तेच इथे क्रमाने लिहितो. प्रथिनांसोबत थोडंफार काम केलेलं आहे, पिपेट आणि प्लेट रीडर ओळखीचे आहेत, एवढं गृहीत धरलं आहे.

जुने पेपर शोधताना एक लक्षात ठेवा. उमेओ इथल्या टोरब्योर्न एगेलरूड यांच्या गटाने हे एन्झाइम तळपायाच्या जाड त्वचेतून वेगळं केलं आणि १९९४ मध्ये त्याचं क्लोनिंग प्रसिद्ध झालं, तेव्हा त्याचं नाव स्ट्रॅटम कॉर्नियम कायमोट्रिप्टिक एन्झाइम, थोडक्यात एससीसीई, असं होतं. केएलके७ एवढंच टाकून शोधलंत तर पायाभूत काम हाती लागणार नाही.

आधी त्याचं काम समजून घ्या

स्ट्रॅटम कॉर्नियम हा त्वचेचा सगळ्यात वरचा थर. तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर. चपट्या, मृत पेशी आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लांचे पापुद्रे अशी त्याची रचना. पेशी एकमेकींना कॉर्नियोडेस्मोसोम या जोडांनी शिवल्यासारख्या बांधलेल्या असतात. खालून नव्या पेशी येत असतात, त्यामुळे वरच्या पेशींचे टाके वेळेवर उसवावे लागतात. ते उसवणाऱ्यांपैकी एक केएलके७. हे सेरीन प्रोटिएज या जोडांतली कॉर्नियोडेस्मोसिन आणि डेस्मोकोलिन-१ ही प्रथिनं कापतं. डेस्मोग्लीन-१ त्याच्याने कापलं जात नाही. ते काम त्याच कुळातलं केएलके५ करतं.

नवख्यांची गडबड पुढे होते. "केएलके७ वाढलं म्हणजे बॅरिअर बिघडला" असं समीकरण डोक्यात बसतं. ते अर्धंच खरं आहे. नेदरटन सिंड्रोम या आनुवंशिक त्वचाविकारात स्पिंक५ या जनुकात बिघाड असतो (हे २००० मध्ये उलगडलं). या जनुकापासून बनणारं लेक्टी हे प्रथिन कॅलिक्रेनना आवर घालतं. ते नसलं की केएलके५ आणि केएलके७ मोकाट सुटतात आणि वरचा थर अवेळी सुटून येतो. एक्स-लिंक्ड इक्थियोसिस या दुसऱ्या आनुवंशिक त्वचाविकारात चित्र उलटं. स्टेरॉइड सल्फटेज नसल्याने कोलेस्टेरॉल सल्फेट साचतं, ते या प्रोटिएजना दाबतं, टाके उसवत नाहीत आणि खवल्यांचा थर जमतो. बॅरिअर दोन्हीकडे बिघडलेलाच. शिवाय केएलके७ फक्त जोड कापून थांबत नाही. सेरामाइड तयार करणाऱ्या बीटा-ग्लुकोसेरेब्रोसिडेज आणि आम्लीय स्फिंगोमायलिनेज या एन्झाइमांनाही ते खातं, म्हणजे मेदाच्या पापुद्र्यांवरही त्याचा हात पोचतो.

म्हणून माझं मत सरळ आहे: या एन्झाइमचा "एवढ्या मिलिग्रॅमला एवढी ॲक्टिव्हिटी" हा आकडा बॅरिअरबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ते कोणत्या पीएचला, कोणत्या इनहिबिटरच्या शेजारी आणि कशावर काम करत होतं हे सोबत असेल तरच त्या आकड्याला अर्थ. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: कुपीवरचा कागद वाचा

पहिला प्रश्न: आत झायमोजेन (निष्क्रिय पूर्वरूप) आहे की सक्रिय एन्झाइम? केएलके७ पेशीत २५३ अमिनो आम्लांच्या साखळीच्या रूपात बनतं. आधी सिग्नल पेप्टाइड जातं, मग उरतं प्रो-केएलके७. त्याच्या टोकाला सात अमिनो आम्लांचा छोटा प्रोपेप्टाइड असतो. तो लायसीननंतर कापला गेला की मागे आयसोल्युसीन मोकळं होतं. हे मोकळं टोक एन्झाइमच्या आत वळतं, तिथल्या ॲस्पार्टिक आम्लाशी क्षारबंध जोडतं आणि मग सक्रिय जागा नीट आकाराला येते.

ही बारीक गोष्ट वाटेल, पण अर्धे "हे एन्झाइम चालत नाही" इथूनच येतात. कोणी फक्त परिपक्व साखळीचं कन्स्ट्रक्ट केलं आणि पुढे हिस्टिडीन टॅग किंवा सुरुवातीचं मेथिओनीन तसंच ठेवलं, तर आयसोल्युसीन मोकळं राहत नाही. प्रथिन शुद्ध असतं, जेलवर पट्टी देखणी येते आणि ॲक्टिव्हिटी शून्य. टॅग सी-टोकाला असेल तर ही अडचण नाही. टॅग एन-टोकाला असेल तर तो प्रोपेप्टाइडसोबत कापून जाईल अशी रचना आहे ना, हे अमिनो आम्लांचा क्रम उघडून बघा.

मग होस्ट, म्हणजे प्रथिन ज्या पेशींत बनवलं त्या. कीटकपेशी किंवा एचईके२९३ (मानवी पेशींची प्रयोगशाळेत वाढवली जाणारी जात) यांमधून आलेलं प्रथिन सहसा ग्लायकोसिलेटेड असतं, त्यामुळे पट्टी थोडी पसरट दिसते. ई. कोलायमधलं इन्क्लूजन बॉडीतून काढून रीफोल्ड केलेलं असतं. या प्रथिनात डायसल्फाइड बंध बरेच आहेत, तेव्हा रीफोल्डिंग कितपत साधलं हे बॅचनुसार बदलतं. याच कारणाने कुठल्याही बफरमध्ये सवयीने डीटीटी (हे बंध तोडणारं रसायन) घालू नका.

शेवटी, कॅरिअर (टिकाऊपणासाठी मिसळलेलं दुसरं प्रथिन) आहे का ते बघा. बीएसए घातलेली कुपी स्वस्त आणि टिकाऊ असते, पण प्रथिन कापण्याच्या प्रयोगात तोच बीएसए जेलवर मधोमध बसतो. अशा कामाला कॅरिअर-फ्री मागवा.

पायरी २: विरघळवा, वाटून ठेवा

कुपी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवून घ्या, मग उघडा. सुकवलेली पावडर झाकणाला चिकटलेली असू शकते. बर्फावर विरघळवा, छोट्या ॲलिकटमध्ये वाटा, उणे ८० ला ठेवा. एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. प्रो-रूप साठवणीला जास्त सुरक्षित. सक्रिय प्रोटिएज स्वतःलाही कुरतडू शकतं. पातळ केलेलं एन्झाइम प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतं, म्हणून लो-बाइंड ट्यूब आणि बफरमध्ये ०.०१ टक्क्याच्या आसपास ट्वीन किंवा ब्रिज (Brij) हे डिटर्जंट.

पायरी ३: सक्रिय करणं

त्वचेत हे काम बहुधा केएलके५ करतं. प्रयोगशाळेत दोन मार्ग आहेत.

ट्रिप्सिन लायसीननंतर कापतं, त्यामुळे ते चालतं. अडचण नंतर येते. ट्रिप्सिन थांबवायला हात आपसूक सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटरकडे जातो, आणि तो केएलके७ लाही धरतो. एगेलरूड यांच्या गटाने हे एन्झाइम शुद्ध केलं तेच मुळी त्या इनहिबिटरच्या कॉलमवर! ट्रिप्सिनच वापरायचं असेल तर मण्यांवर बांधलेलं घ्या आणि नंतर मणी गाळून टाका.

दुसरा मार्ग थर्मोलायसिनचा, आणि नवख्याला मी तोच सुचवेन. थर्मोलायसिन आयसोल्युसीन, ल्युसीन, फिनाइलअॅलनिनसारख्या अमिनो आम्लांच्या अलीकडे कापतं, त्यामुळे नेमकं हवं ते आयसोल्युसीन मोकळं होतं. ते मेटॅलोप्रोटिएज आहे. जस्त आणि कॅल्शियम काढून घेतलं की थांबतं. म्हणजे ईडीटीए किंवा १,१०-फेनँथ्रोलीन घातलं की थर्मोलायसिन बंद आणि केएलके७ चालू. ईडीटीएचा वरकड फायदा म्हणजे बफरमधल्या जस्ताचा अंशही निघून जातो. जस्त आणि तांबं केएलके७ ला दाबतात, त्यामुळे जस्त असलेल्या बफरमध्ये रीडिंग विनाकारण खाली येतं.

थर्मोलायसिन जास्त वेळ ठेवलं तर ते केएलके७ चेही तुकडे करायला लागतं. म्हणून पहिल्या वेळी टाइम कोर्स करा: ठरावीक अंतराने थोडं मिश्रण काढा, ईडीटीए घाला, ॲक्टिव्हिटी मोजा. ती आधी चढेल, स्थिरावेल आणि मग उतरेल. स्थिरावलेल्या भागाच्या सुरुवातीचा वेळ तुमचा.

सक्रिय झालं की नाही हे जेलवरून ठरवू नका. सात अमिनो आम्लं म्हणजे हजार डाल्टनच्याही आत. तीस हजारांच्या आसपासच्या पसरट पट्टीत तो फरक दिसत नाही. ॲक्टिव्हिटी मोजा, नाहीतर मास स्पेक्ट्रोमेट्री करा.

पायरी ४: पहिलं मोजमाप

केएलके७ कायमोट्रिप्सिनच्या वळणाचं आहे, टायरोसीननंतर कापायला त्याला आवडतं. सबस्ट्रेट त्यानुसार निवडा: शेवटी टायरोसीन असलेला पी-नायट्रोअॅनिलाइडचा पेप्टाइड (रंग ४०५ नॅनोमीटरला) किंवा एएमसी या चमकणाऱ्या टॅगचा पेप्टाइड (३८० ला उत्तेजन, ४६० ला उत्सर्जन). बफर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, पीएच ८ ते ८.५. डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखा आणि दोन-तीन टक्क्यांच्या आत.

प्लेटवर कमीत कमी एवढं हवंच:

- एन्झाइमशिवाय नुसता सबस्ट्रेट
- सक्रिय न केलेलं प्रो-केएलके७
- थर्मोलायसिन आणि ईडीटीए, केएलके७ शिवाय
- सक्रिय केएलके७
- सक्रिय केएलके७ आणि कायमोस्टॅटिन (त्याला दाबणारा इनहिबिटर)

तिसरी वेल वगळली जाते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. तिथे स्लोप दिसला तर थर्मोलायसिन पुरतं थांबलेलं नाही, आणि तुमच्या आकड्यातला काही भाग त्याचा आहे. प्रो-केएलके७ च्या वेलमध्ये किंचित स्लोप चालतो. बॅचमध्ये थोडं सक्रिय झालेलं असतंच. त्याशिवाय ट्रिप्सिनचा एखादा सबस्ट्रेट, ज्याच्या शेवटी आर्जिनीन आहे, तोही एकदा लावून बघा. तो जोरात कापला गेला तर कुपीत ट्रिप्सिनच्या जातीचं दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे.

हिशेब एकदा हाताने करा. समजा स्लोप मिनिटाला ०.०२० आला. पी-नायट्रोअॅनिलिनचा शोषणांक ४०५ नॅनोमीटरला साधारण ९,९००. क्युव्हेटमध्ये प्रकाशाचा मार्ग १ सेंटीमीटर असतो, पण ९६ वेलच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटरला तो ०.५५ च्या आसपास भरतो. ०.०२० भागिले (९,९०० गुणिले ०.५५) म्हणजे मिनिटाला ३.७ मायक्रोमोलर, आणि २०० मायक्रोलिटरमध्ये ०.७३ नॅनोमोल. वेलमध्ये ०.५ मायक्रोग्रॅम एन्झाइम असेल तर मायक्रोग्रॅमला मिनिटागणिक जवळपास १.५ नॅनोमोल. मार्गाची लांबी विसरलात तर आकडा निम्म्यावर येतो, आणि "माझी बॅच अर्धी मेलेली आहे" असं वाटून नवी कुपी मागवली जाते. एएमसी वापरत असाल तर हा शोषणांक कामाचा नाही. त्याच बफरमध्ये एएमसीची स्टँडर्ड कर्व्ह काढा.

स्लोप फक्त सरळ रेषेच्या भागातून घ्या. रेषा वाकत असेल तर एन्झाइम कमी करा. वेळ कमी करून भागवू नका.

पायरी ५: त्वचेचा पीएच आणि लेक्टी

इथवर मोजलं ते पीएच ८ च्या जगातलं. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, खाली जिवंत थराकडे जाताना तो सातच्या जवळ पोचतो. म्हणजे एन्झाइम खालून वर येताना त्याच्या आवडीच्या पीएचपासून दूर दूर जातं. पीएच ५.५ ला ॲक्टिव्हिटी घटते, पण संपत नाही, आणि कॉर्नियोडेस्मोसिन त्याही पीएचला कापलं जातं.

तोच प्रयोग ७.५, ६.५ आणि ५.५ ला करा. ट्रिसमध्ये आम्ल टाकून ५.५ करू नका. ट्रिसची बफर म्हणून ताकद आठच्या आसपास असते, ५.५ ला ते नावालाच बफर राहतं. खालच्या पीएचला एमईएस बफर घ्या, मिठाचं प्रमाण सगळीकडे सारखं ठेवा आणि सगळं मिसळल्यावर पीएच पुन्हा तपासा.

आता लेक्टी. या प्रथिनात १५ डोमेन असतात. पेशीत ते कापलं जाऊन तुकडे होतात आणि वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या कॅलिक्रेनना कमी-जास्त धरतात. बाजारात सहसा असे तुकडेच मिळतात. घेतलेला तुकडा केएलके७ ला धरतो की फक्त केएलके५ ला, हे आधी बघून घ्या. एन्झाइम आणि लेक्टी सबस्ट्रेटशिवाय काही वेळ एकत्र ठेवा, मग सबस्ट्रेट घाला. घट्ट बसणारे इनहिबिटर बसायला वेळ घेतात, आणि तिन्ही एकदम ओतलंत तर दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो.

या पायरीतला खरा ऐवज पुढे आहे. लेक्टीची पकड पीएचवर अवलंबून असते: सातच्या आसपास घट्ट, आम्लाकडे सैल. त्यामुळे खोलवर एन्झाइम बांधलेलं राहतं आणि पृष्ठभागाकडे येताना सुटतं, जिथे टाके उसवायचेच असतात. एकीकडे पीएच उतरल्याने एन्झाइम मंदावतं, दुसरीकडे त्याच उताराने त्याची दोरी सुटते. तुमच्या तीन पीएचच्या आलेखात या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. म्हणून प्रत्येक पीएचला लेक्टीविना आणि लेक्टीसह अशा दोन्ही वेल ठेवा आणि टक्केवारी त्या-त्या पीएचच्या लेक्टीविना वेलशी काढा. पीएच ८ ला १०० टक्के धरून सगळ्याला भाग दिलात तर दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळून जातात. या विषयावर एकच आलेख काढायला वेळ असेल तर मी हाच काढेन.

पायरी ६: खरा सबस्ट्रेट

छोटा पेप्टाइड कापणं आणि कॉर्नियोडेस्मोसिन कापणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रीकॉम्बिनंट कॉर्नियोडेस्मोसिन घ्या किंवा त्वचेवर चिकटपट्टी लावून काढलेल्या पेशी वापरा. त्वचेतल्या कॉर्नियोडेस्मोसिनचं पूर्ण रूप ५२ ते ५६ किलोडाल्टनच्या आसपास दिसतं. वेस्टर्न ब्लॉटवर ते कमी होऊन खाली लहान तुकडे येताना बघायचे.

इथे एक सापळा आहे. नमुना एसडीएस बफरमध्ये मिसळला, ट्यूब रॅकमध्ये ठेवली आणि बाकीचे नमुने होईपर्यंत ती तिथेच राहिली. एसडीएसने सबस्ट्रेट उलगडतो, प्रोटिएज मात्र काही वेळ तग धरून असतं, आणि उलगडलेलं प्रथिन ते भराभर कापतं. परिणाम असा की शून्य मिनिटांच्या नमुन्यातही तुकडे दिसतात. आधी पीएमएसएफ हा सेरीन प्रोटिएज बंद करणारा इनहिबिटर घाला (ताजं, पाण्यात आणि वरच्या पीएचला ते लवकर निकामी होतं), मग बफर, आणि लगेच ९५ अंशांच्या ब्लॉकमध्ये.

चिकटपट्टीवरच्या पेशींतून एन्झाइम काढून मोजणार असाल तर नेहमीची प्रोटिएज इनहिबिटरची गोळी टाकू नका. तिच्यात बहुतेक वेळा एईबीएसएफ आणि ॲप्रोटिनिन असतं, आणि दोन्ही केएलके७ ला बंद करतात. अशा अर्कात केएलके५ ही असतं. ल्युपेप्टिनने ट्रिप्सिनच्या जातीचे दबतात, केएलके७ दबत नाही. कायमोस्टॅटिनने केएलके७ दबतं. आम्लीय पीएचला कॅथेप्सिन-डी हे दुसरं प्रोटिएज जागं होतं, त्यासाठी पेप्स्टॅटिन. या तीन इनहिबिटरांनी अर्कातली ॲक्टिव्हिटी बऱ्यापैकी वाटून घेता येते.

पायरी ७: पेशी आणि त्वचेचं मॉडेल

माध्यमात सीरम असेल तर एन्झाइम घालून उपयोग नाही. सीरममधले इनहिबिटर ते गिळतात. त्यातही अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिनची गंमत अशी की ते प्रोटिएजला पिंजऱ्यात धरतं, पण छोटा पेप्टाइड पिंजऱ्याच्या फटीतून आत जातो आणि कापला जातो. म्हणजे माध्यमातला नमुना पेप्टाइडवर मोजलात तर एन्झाइम जिवंत, आणि मोठ्या प्रथिनावर बघितलंत तर मेलेलं. दोन्ही रीडिंग बरोबर असतात.

पुनर्रचित एपिडर्मिसवर (प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या त्वचेच्या वरच्या भागावर) एन्झाइम वरून लावताना ते मुळात कुठून येतं ते विसरू नका. ग्रॅन्युलर थरातल्या (स्ट्रॅटम कॉर्नियमच्या लगेच खालच्या) पेशी केएलके७ आणि लेक्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात आणि लेक्टी आधी बाहेर सोडतात. वरून ओतलेलं एन्झाइम या क्रमात बसत नाही. असा प्रयोग "केएलके७ जास्त झालं तर काय" याचं उत्तर देतो; "केएलके७ रोज काय करतं" याचं नाही.

बॅरिअर मोजायला टीईडब्ल्यूएल, म्हणजे त्वचेतून उडणारं पाणी. निरोगी माणसाच्या हाताच्या आतल्या बाजूला ते साधारण ५ ते १० ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति तास असतं. मॉडेलचे आकडे वेगळेच येतात. त्यांची तुलना एकमेकांशी करा, माणसाशी नको. खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवा, नमुना खोलीत स्थिरावल्यावरच प्रोब लावा. सोबत तीन कंट्रोल: नुसता बफर त्याच पीएचचा, उकळलेलं किंवा पीएमएसएफने बंद केलेलं केएलके७, आणि एन्झाइमसोबत लेक्टी. नुसत्या बफरचा कंट्रोल टाळू नका. पीएच ८ चा बफर काही तास त्वचेवर ठेवला तरी बॅरिअरला त्रास होतो: त्वचेतली स्वतःची प्रोटिएज जागी होतात आणि सेरामाइड बनवणारी, आम्लात चालणारी एन्झाइमं मंदावतात. त्यात केएलके७ चा काहीच वाटा नसतो.

टीईडब्ल्यूएल वाढलं आणि कॉर्नियोडेस्मोसिन घटलं तर अहवालात "टाके सुटले" एवढं लिहिता येतं. मेदाच्या पापुद्र्यांबद्दल बोलायचं असेल तर त्याच नमुन्यातून बीटा-ग्लुकोसेरेब्रोसिडेजची ॲक्टिव्हिटी आणि सेरामाइड वेगळे मोजा. आणि प्रत्येक आकड्याशेजारी पीएच, बॅच क्रमांक, सक्रिय करण्याची पद्धत आणि थांबवणारा पदार्थ लिहा. ही कुपी संशोधनासाठीची आहे, माणसाच्या त्वचेवर लावायची नाही, हेही तिच्या डब्यावर ठळक लिहून ठेवा, कारण फ्रीझर सगळ्यांचा असतो.